बाराव्यांदा

मास्तर वर्गातल्या खुर्च्या एकीवर एक रचून भिंतीला लावत होते. ‘संगणकाची पहिली ओळख’ या वर्गासाठी वेबसाइटवर नाव नोंदवायचा आज शेवटचा दिवस. पाचपर्यंत एकही नाव आलं नाही तर वर्ग रद्द, आणि खोली टेबल टेनिसवाल्यांना. चार वाजले होते, नोंदणी शून्य.

लोकांना शिकायचंच नाही, त्याला कोण काय करणार, असं ते खुर्च्यांनाच सांगत होते. जन्मभर शिकवलेल्या माणसाच्या तोंडून ते ऐकवत नव्हतं.

शिक्षणकेंद्रात जिला सगळे वेबसाइटवाली म्हणत, ती त्यांची समजूत काढायला बसली होती. पान कोणी उघडलंच नाही असं दिसलं तर खापर जाहिरातीवर फोडता येईल, म्हणून तिने आल्यागेल्यांची यादी काढली. त्रेसष्ट जण येऊन गेले होते. सगळे जुन्या फोनवरून, सगळे एकाच सूचनेपाशी अडून परत. एका फोनवरून तर सकाळपासून अकरा वेळा कोणीतरी येऊन गेलं होतं.

वर्गाची वेळ निवडायला तिने बोटाने सरकवायचं झोकदार वेळापत्रक केलं होतं. आठवडाभर स्वतःच्या नव्या फोनवर ते सरकवून स्वतःचीच पाठ थोपटली होती. जुन्या फोनवर चालत नाही म्हटल्यावर एक सूचना चिकटवून ती मोकळी झाली होती.

मास्तरांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि ती सूचना वाचली. आपल्या ब्राउझरमध्ये आवश्यक सुविधा उपलब्ध नाहीत. कृपया अद्ययावत आवृत्ती वापरावी.

“हे ज्याला कळेल,” ते म्हणाले, “तो माझ्या वर्गाला कशाला येईल?”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हळहळत बसायला वेळ नव्हता. वेळापत्रक चालत नसेल तिथे दिसावा म्हणून तिने कुठल्याही फोनला झेपेल असा साधा अर्ज केला. नाव, नंबर, सकाळ की संध्याकाळ, काही विचारायचंय का. त्याच्या वर काय लिहायचं ते मास्तरांनी सांगितलं आणि तिने एक अक्षर न बदलता उतरवलं: तुमच्या फोनवर वेळापत्रक दिसणार नाही. यात तुमची काही चूक नाही. खालचा अर्ज भरा, तेवढं पुरे.

वीस मिनिटं उरली. मास्तर उरलेल्या खुर्च्या उचलायला उठले आणि तसेच परत बसले. ती मनातल्या मनात अकरा वेळा येऊन गेलेल्या त्या फोनला विनवत होती, आणखी एकदा ये रे बाबा.

पाचाला चार मिनिटं कमी असताना तो आला. बराच वेळ काहीच हललं नाही. मग अर्ज येऊन पडला. नाव, नंबर, संध्याकाळ. शेवटच्या चौकटीत लिहिलं होतं: मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकतंय. येताना काय आणायचं?

“काय कळवू, सर?”

मास्तर भिंतीपाशी पोचले होते.

“चष्मा आणा म्हणावं,” ते म्हणाले आणि वरची खुर्ची उतरवू लागले.