डाव्या डोळ्यातले थेंब

आप्पा गेले आणि मृत्युपत्रानं सगळी जमीन धाकट्याला मिळाली, तेव्हापासून थोरल्याच्या जिवाला चैन नव्हती. आज कोर्टाच्या बाकावरही त्याचं बूड ठरत नव्हतं. पिंजऱ्यात उभा राहून धाकटा सांगत होता, "आप्पांचं सगळं मीच केलं. रोज दोन्ही डोळ्यांत औषधाचे थेंबसुद्धा मीच घालायचो."

थोरला लगेच वकिलांच्या कानाला लागला. "सापडला लेकाचा! आप्पांचा डावा डोळा काचेचा होता."

वकील उठले. "काचेच्या डोळ्यातही औषध घालत होतात? का तो काचेचा आहे, याचाच पत्ता नव्हता?"

कोर्टात खसखस पिकली.

"पत्ता होता, वकीलसाहेब," धाकटा खालमानेनं म्हणाला. "आप्पाच विसरले होते. एकाच डोळ्यात थेंब घातले, की दुसऱ्याचं विचारायचे. तो गेलाय म्हटलं, की कसा गेला म्हणून विचारायचे. दादा लहान असताना त्याच्या गलोलीचा खडा लागला, हे त्यांना रोज नव्यानं कुठं सांगत बसू? म्हणून दोन्हीत घालायला लागलो."

वकिलांच्या हाती आयतंच घबाड लागलं. ते न्यायाधीशांकडे वळले. "ऐकलंत ना, साहेब? स्वतःचा डोळा गेलेला ज्यांना आठवत नव्हता, त्यांनी म्हणे शुद्धीवर राहून मृत्युपत्र केलं! आता या खटल्यात उरलं काय?"

मागून कुणीतरी त्यांचा काळा कोट खसकन ओढला.

"बसा खाली," थोरला म्हणाला.