दार लावायचा मुहूर्त

डोहाळजेवणात ओटी भरली, की सुनेला निरोपाचे थेंब पाजायचे, अशी आता रीतच पडली होती. पोटातल्या बाळांच्या मेंदूपेशी हल्ली रक्तवाहिन्यांना 'भिंती घट्ट करा' हे सांगायलाच विसरत. थेंबांनी तो निरोप पोचला, की मेंदूचं दार लागे आणि नको ते आत शिरत नसे.

वच्छलाबाई वाटी भरणार, तोच सून रेवती कुजबुजली, "आई, बाळाच्या फिट्सवरचा शेवटचा डोस बुधवारी आहे. आज दार लागलं, तर तो मेंदूत जाणार कसा?"

"काल का नाही बोललीस?"

"तुम्ही अख्खं मिरज बोलावून बसलात."

"वच्छला, मुहूर्त टळतोय," थोरल्या नणंदबाई गरजल्या. "थेंब काय विहिरीतून शेंदतेस?"

वच्छलाबाईंनी थेंबांची कुपी गुपचूप कमरेला खोचली आणि वाटीत साधं पाणी ओतलं. रेवतीनं घोट घेतला, सासूकडे पाहिलं आणि उरलेलं पिऊन टाकलं. बायकांनी गाणं धरलं. वच्छलाबाई मात्र एकेक उदबत्ती विझवत सुटल्या.

"दार लागलं ना? आता धुराची कसली भीती?" नणंदबाईंनी विचारलं.

"बाळाला नाही हो, आक्का," वच्छलाबाई म्हणाल्या, "माझंच डोकं दुखतंय. बुधवारपर्यंत दुखेल."