म्हातारीचं सोंग

“मावशी, चष्मा!” गाईड दारातूनच ओरडला. म्हातारीने जीभ चावली, चष्मा काढून सुनेच्या हातात कोंबला आणि कांबळ्यावर आडवी झाली. मागोमाग बसमधले पाहुणे वाकून वाकून झोपडीत शिरले आणि बाकांवर बसले.

या झोपडीत कुणीच राहत नाही. सासू-सुनेचं खरं घर मागे आहे, सिमेंटचं, गॅस आणि टीव्हीसकट. पण ते बघायला कोण कशाला येईल? म्हणून गवताने शाकारलेली ही झोपडी रिसॉर्टवाल्यांनी उभी केली, आणि खेळही त्यांनीच बसवून दिला. म्हातारी आजारी पडते, सून टाहो फोडते, पाल्याची जुडी तिच्या अंगावरून फिरवते, टेपवर ढोल वाजतो आणि म्हातारी टुणकन उठून बसते. की टाळ्या! खरं तर सासू-सुनेच्या जमातीत घरात कुणी आजारी पडलं की आधी दार लावून घेतात, परक्याची नजर नको म्हणून. पण दार लावलं तर फोटो कसे निघणार?

म्हातारी मात्र हाडाची नटी निघाली. कण्हायची काय, डोळे फिरवायची काय! उठायची वेळ झाली तरी कधीकधी मुद्दाम पडून राहायची. परवा तर सून रडकुंडीला आली, शपथा घ्यायला लागली, तेव्हा कुठे हिने एक डोळा उघडला. पाहुण्यांची हसून हसून पुरेवाट. गाईड तिचा सख्खा भाचा. त्याने कोपरापासून हात जोडले होते, “मावशी, एक दिवस जीव घेशील आमचा!”

आज ती कण्हलीच नाही. छातीवर हात दाबला, तोंड वाकडं केलं, बोटांनी कांबळं चुरगाळलं आणि मग हात सैल सोडला. “वा!” पुढच्या बाकावरची पिकल्या केसांची एक बाई हळूच म्हणाली. सुनेने जुडी फिरवली. ढोल चढत गेला आणि एकदम थांबला. म्हातारी उठली नाही.

“आई, उठा,” सून ओठ न हलवता पुटपुटली. ठरल्याप्रमाणे तिने दंडाला चिमटा काढला. एरवी यावर म्हातारी खुदकन हसायची. सुनेने नाकापुढे हात धरला. जुडी हातातून गळून पडली.

“भावजी, आईंचा श्वास हाताला लागत नाहीये!”

पाहुण्यांना ही बोली कळत नव्हती. सगळ्यांनी गाईडकडे पाहिलं. त्याने रोजचं वाक्य त्यांच्या भाषेत फेकलं, “ती देवाला हाका मारतेय.” मग आपल्या बोलीत म्हणाला, “पुरे गं मावशी. पुढची बस येऊन उभी आहे.”

“सोंग नाही हो हे! तुमच्या गळ्याशपथ! यांच्यात कुणी वैद्य असेल, विचारा ना. पाया पडते तुमच्या, विचारा!”

गाईड हसला. आता काय म्हणावं याला! “वहिनी,” तो म्हणाला, “तुम्हीपण मावशीच्या तालमीत तयार झालात की!”

पाहुण्यांच्या भाषेतले सुनेला तीनच शब्द येत, रिसॉर्टवाल्यांनी शिकवलेले. तिने पुढच्या बाकावरच्या त्या बाईचं मनगट घट्ट धरलं आणि तिला म्हातारीकडे ओढायला लागली. “या! बसा! धन्यवाद! या! या! धन्यवाद!”

“अगंबाई, मला?” ती बाई लाजून लाल झाली. “नको गं बाई, मला नाही जमायचं नाटकबिटक.”

“जा हो, जा!” मागून सगळे ओरडले. कुणीतरी शिट्टी मारली. सगळे मोबाईल वर झाले. बाईने हसत हसत आपला हात सोडवून घेतला आणि सुनेचा गाल थोपटला. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळी झोपडी टाळ्यांनी दणाणली. सून भर गर्दीत उभी राहून आक्रोश करत होती, आणि लोक तिला वाट देत, तिच्याकडे कौतुकाने बघत एकेक करून बाहेर पडत होते.

झोपडी रिकामी झाली. “उठ आता, गेले सगळे,” म्हणत गाईड खाली बसला. मावशीला तळव्याला गुदगुल्या अजिबात सहन होत नसत, लहानपणापासून त्याला ठाऊक होतं. त्याने तळव्यावर बोट फिरवलं. पाय हलला नाही. त्याने दुसऱ्या तळव्यावर फिरवलं. मग त्याने वर सुनेकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तेवढ्यात ती पिकल्या केसांची बाई पुन्हा वाकून दारातून आत आली.

“यांना माझ्याकडून शाबासकी सांगा हं,” ती गाईडला म्हणाली. “मी स्वतः डॉक्टर आहे. सगळा जन्म हार्टच्या पेशंटांत गेला माझा. इतका हुबेहूब झटका मी सिनेमातसुद्धा पाहिला नाही हो!”

गाईडने मावशीचा पाय दोन्ही हातांत घट्ट धरला. सून म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवत होती.

“काय म्हणतायत त्या?” तिने विचारलं. “भावजी, सांगा ना, काय म्हणतायत?”