चौथी डिस्क

“अपग्रेडनंतर चौथी डिस्क सापडत नाही.”

रिपोर्टात ही एक ओळसुद्धा मिस्त्री लिहिणार नव्हता. चष्म्या मागेच लागला म्हणून त्याने ती टाईप केली आणि कीबोर्ड ढकलून दिला.

“कुणी सांगितले होते नसते उद्योग? नीट चाललं होतं ना?”

“अरे, रोज स्क्रीनवर यायचं, नवीन व्हर्जन घ्या, नवीन व्हर्जन घ्या. म्हटलं घेऊन टाकू.”

“मला एक फोन केला असतास तर बोट झिजलं असतं?”

चष्म्या चष्मा काढून शर्टाला पुसायला लागला. एक्स-रे क्लिनिकमधले कॉम्प्युटर तो सांभाळायचा, पण सर्व्हर म्हटलं की मिस्त्रीला बोलवायचं. दोघं शाळेपासूनचे दोस्त. मिस्त्री कुठल्या कॉलेजात शिकला नव्हता, घरीच मशीनं खोलून खोलून तयार झाला होता. हे काम त्याला चष्म्यानेच मिळवून दिलं होतं.

सर्व्हरमध्ये चार डिस्क. तीन राबायच्या, चौथी राखीव, नुसती बसून. जुनी सिस्टीम तिच्याकडे ढुंकूनही बघत नसे. नवीन आली ती हजेरीच घ्यायला लागली. एक गैरहजर, तर बाईसाहेब पुढे सरकायलाच तयार नाहीत. सगळ्या पेशंटांचे एक्स-रे आत अडकलेले.

मिस्त्रीने ड्रायव्हर, म्हणजे डिस्क चालवणारा प्रोग्राम, बदलला. केबल काढून परत लावली. बंद करून चालू केलं. स्क्रीनवर परत तीच लाल ओळ : चौथी डिस्क नाही.

“च्यायला!”

“डिस्कच गेली असेल का रे?”

“ड्रायव्हरचा घोळ आहे.”

“पण एकदा पुढचं झाकण उघडून बघू या ना.”

“किल्ली घरी राहिलीय.”

“तुझ्या जुडग्यातच असते ना नेहमी?”

“राहिली म्हटलं ना! आता माझी उलटतपासणी घेणार का तू? आधी स्वतः करून ठेवायचं आणि वर...”

तेवढ्यात दारातून डॉक्टरमॅडम डोकावल्या. “सकाळी ऑपरेशनचा पेशंट आहे. त्याचा एक्स-रे दिसला नाही, तर चष्मेवाले, तुम्ही दुसरीकडे नोकरी बघा. त्यापेक्षा कंपनीच्या माणसालाच बोलावते. तोडू दे कुलूप.”

“नको मॅडम,” मिस्त्री घाईने म्हणाला. “कशाला उगीच मोडतोड? घरून किल्ली आणतो, सकाळी लवकर येऊन चालू करून देतो.”

चष्म्याने त्याच्याकडे असं पाहिलं, जसा काही देवच उभा आहे.

घरी आल्या आल्या मिस्त्रीने स्वतःचं मशीन बंद केलं.

“दादा, बंद का केलंस?” बहीण ओरडली. “किती वर्षं रडत होतं, आत्ता कुठे पळायला लागलंय!”

“जेवून घे जा.”

तो स्क्रू काढत होता तेवढ्यात फोन वाजला. चष्म्या.

“ऐक, मॅडमना सांगून टाकलं मी. सगळी चूक माझी, मिस्त्रीला न विचारता केलं. तुझ्यावर काही येऊ द्यायचो नाही मी.” मग हळूच विचारलं. “पण सकाळी दिसेल ना रे ती?”

मिस्त्रीने मशीनमधून डिस्क बाहेर ओढली आणि उलटी केली. मागे क्लिनिकचं स्टिकर होतं. त्यावर चष्म्याच्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं : राखीव.

“दिसेल,” तो म्हणाला. “शब्द देतो.”