नानाभाऊंच्या गप्पा

कापड कारखान्यातल्या मागांच्या खडखडाटात निंबाचे कान गेले, घरोघरी टीव्हीही आले, पण रेडिओवरच्या नानाभाऊंच्या गप्पा त्याने सोडल्या नाहीत. परमुलखात, उधन्याच्या खोलीत रोज संध्याकाळी मालतीबाई रेडिओ लावायची आणि नानाभाऊ तिकडे खानदेशातून जे बोलतील, ते नवऱ्यासमोर बसून ओठ ठळक हलवत सांगायची. तीही त्याच कारखान्यात बॉबिनवर सूत भरायची.

नानाभाऊ वारले, कार्यक्रमही बंद झाला, हे सांगायला शेजारची गायत्री दारात आली. आत रेडिओची नुसती खरखर चालली होती.

“आज काय म्हणस नानाभाऊ?” निंबाने विचारलं. त्याची नजर बायकोच्या ओठांवर होती.

“म्हणतात, यंदा वांग्याचं पीक इतकं आलंय, की सासुरवाडीला तिन्ही त्रिकाळ भरीत. जावई पळून येताहेत!”

निंबा मांडीवर थाप मारून हसला. नवऱ्याला दुःख नको म्हणून बाई मनाने रचून सांगतेय, असं गायत्रीला वाटलं.

“काकू, कुठवर लपवाल?” ती मागून म्हणाली. मालतीबाई वळली नाही. गायत्रीने मोठ्याने हाक मारली, मग दाराची कडी जोरजोरात आपटली. मालतीबाई रेडिओला कान लावून पुढचं सांगतच राहिली.

बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची काकूंची सवय गायत्रीला आठवली आणि पाठोपाठ त्या दोघांची सकाळची वाट. रोज सकाळी कामावर जाताना दोघं रेल्वेचे रूळ ओलांडायचे. गाडीचा कानोसा घेऊन मालतीबाई “चला” म्हणायची, आणि निंबा तिचा पदर धरून, मान खाली घालून निघायचा.