बिनव्याजी

"शेकडा आठ आणे," यशवंतराव म्हणाले. "नत्थू, तुह्या पोराकून मी याच्याहून जास्त नाही घेनार."

नत्थूजींनी मुलाकडे पाहिलं. बघ, मी काय म्हणत होतो, असं ते पाहणं होतं.

देवीदासाने मनातल्या मनात हिशेब केला. महिन्याला शेकडा आठ आणे, म्हणजे वर्षाला सहा टक्के. बँक साडेतेरा मागत होती. तो डाकघरात क्लार्क होता. तिथल्या सोसायटीचं व्याज नऊच, पण ती चार हजारांच्या वर देत नव्हती आणि घराला कमी पडत होते चौदा. महिनाभर तो आणि त्याची बायको इंदू कागद पुढ्यात घेऊन याच आकड्यांशी झटत होते. शेवटी गाडी बँकेवरच येऊन थांबायची. बँकेला मात्र नावावर शेत असलेला जामीनदार हवा होता.

नत्थूजींच्या नावावर तिगावला दीड एकर होतं. पण बँकेच्या कागदावर अंगठा म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. "ब्यांकेचा साहेब आपल्याले ओयखते काय? मालक ओयखतात," असं म्हणून त्यांनीच आज मुलाला या ओसरीवर आणलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी यशवंतरावांच्या संत्र्याच्या बगीच्यात काढली होती. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. नत्थूजींना गरज होतीच, वर भरवसाही होता.

यशवंतराव तिजोरीची किल्ली घेऊन उठले. "घर कोनाचं घेऊन राहिला बाप्पा?"

"अंबाबाईचं," देवीदास म्हणाला. "मारुतीच्या गल्लीतलं. त्या इटारसीले पोराकडे चालल्या."

यशवंतराव पुन्हा खाली बसले.

"तिले दुसरं गिऱ्हाईक नाही भेटलं?"

"भेटले होते. त्याईनंच मले बलावलं. म्हणे, तू भाव पाडून नाही मागत."

यशवंतराव वाईट माणूस नव्हते. आवाज चढवणं त्यांना ठाऊक नव्हतं. ते मायेनेच बोलले, "हे पाय नत्थू, मी सोता काही मानत नाही. पन गल्लीत बायामानसं आहेत, सनवार आहेत. उद्या कोनी काही बोललं, तं तुलेच वाईट वाटन. नाल्यापलीकडं तुमच्या लोकाईत माहा एक प्लाट आहे. तो घ्या. त्याच्यासाठी पैसे पायजे तं मले याज बी नको."

"याज बी नको?" नत्थूजींनी विचारलं.

"एक पैसा नको. शब्द आहे माहा."

देवीदासाने बापाकडे पाहिलं. बिनव्याजी म्हटल्यावर बापाला नाही म्हणायला कसं सांगायचं? नाल्यापलीकडेच तर ते आता राहत होते. गेल्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी चुलीपर्यंत आलं होतं, आणि धाकटीला कडेवर घेऊन इंदू रात्रभर खाटेवर उभी होती. त्या पाण्यातून निघायचं म्हणून तर हे सगळं चाललं होतं.

 नत्थूजींना राग आला नाही. लाज वाटली. याच माणसाचे गोडवे आपण जन्मभर पोराला ऐकवले, याची लाज.

मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "येतो मालक. रामराम."

"अरे, बस ना! च्या ठेवला आहे."

"नाही जी. ब्यांकेत जाऊन राहिलो."

"ब्यांकेत? आन् तुह्या पोराले जामीन कोन राहीन?"

"मी आहो न," नत्थूजी म्हणाले. "वावर माह्याच नावानं आहे."

दोघं बाहेर पडले. बँकेकडे जायचा जवळचा रस्ता मारुतीच्या गल्लीतून होता. त्या गल्लीच्या तोंडाशी आले की नत्थूजी चपला काढून हातात घेत. तसं करायला आता कोणी सांगत नव्हतं. पोरपणी बापाचं पाहून लागलेली सवय होती. देवीदास यावरून त्यांच्याशी कितीदा भांडला होता, दोन-दोन दिवस बोलला नव्हता; पण म्हाताऱ्याचे पाय त्या मातीवर चपलेनिशी पडतच नसत.

आजही ते वाकले. हात चपलेपर्यंत गेला. देवीदासाने मान दुसरीकडे वळवली.

"ब्यांक किती वाजता बंद होते रे?" खालूनच आवाज आला.

"दोनले."

"मंग उभा काहून राहिला? चाल."

देवीदासाने वळून पाहिलं. नत्थूजी गल्लीत बरेच पुढे गेले होते. पायात चपला होत्या, आणि चाल इतकी झपाट्याची की त्यांना गाठायला त्याला पळावं लागलं.