फुला शेंड्यावर

खाली—

"डावीकडं गे, डावीकडं!" धाकलू ओरडतोय.

आंब्याच्या शेंड्याला हुमल्यांचं घरटं. पानाला पान चिकटवलेलं, नारळाएवढं, आत खच्चून तांबड्या मुंग्या आणि त्यांची अंडी. अख्ख्या वाडीची चटणी. उद्यापासून गडी साहेबाच्या सागाच्या तोडीला जाणार, म्हणजे आजच हवी. धाकलू चढला तर फांदी कडाडली. म्हणून त्याची बायको वर गेलीय. फुला. तिच्या बांगड्या हल्ली कोपरापर्यंत सरकतात.

वर—

वारा. पायाखाली दिग्गी वाडीची गवती छपरं. मनगटाला हुमले डसतात आणि तिला हसू येतं. किती हलकी! कुणाला जमलं नाही ते तिला जमलंय.

कोयता. एक घाव. दुसरा—

छपरं फिरायला लागतात.

खाली—

"थांबली का ही?" धाकलू डोळ्यांवर हात धरून बघतोय.

झाडाखाली घोंगडी ताणून उभी असलेली सासू, केशर, मान वर करते. "फुले! काल जेवलीस?"

"जेवले, आत्ती."

"खोटं! तुझी भाकरी खाऊन कुत्रं बघ कसं फुगलंय."

वाडी हसते. केशर हसत नाही.

वर—

दोन्ही हातांनी फांदी. कोयता निसटला, गेला. खाली कुणीतरी उडी मारून बाजूला झालं.

"तुम्हीच म्हणालात! कापणीच्या जेवणाला, सगळ्यांपुढं! सून न्हाई, म्हस आणलीया म्हणून!"

खाली—

आता कुणीच हसत नाही. वरून हुमले टपटप पडतायत. केशरच्या हातावर, मानेवर, पापणीवर.

"आये, सोड ती घोंगडी! सरक!"

"सरकू? आणि ही पडली तर?" केशर पुन्हा वर तोंड करते. "म्हटलं मी! जीभ झडो माझी. पण आता ऐक. एक हुमला धर. चाव."

"न्हाई."

"अगं, तो तुला खातोय न्हवं? तू खा त्याला!"

वर—

आंबट. कैरीहून आंबट.

तोंडात पाणी. तिच्याच तोंडात! आणखी एक. मग घरट्यात मूठच, मुंग्या, अंडी, पानाचा तुकडा, थू, आणखी. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. छपरं आपापल्या जागी थांबतात.

ती डहाळी पिरगाळते. दातांवर दात.

"पाडते! धरा!"

खाली—

धप्प! किंकाळ्या, उड्या, झटकाझटक. धाकलू शेवटच्या फांदीवरून बायकोला खांद्यावर घेतो. "उतरली! उतरली!" जणू त्यानंच तिला उतरवलं.

दगडावर हुमले, मिरची, मीठ. केशर रगडते, भाकरीवर गोळा ठेवते, पान फुलापुढं सरकवते.

वाडी गोल करून बघतेय.

फुला पानाकडं बघते. हात मांडीवरच.

केशरचा एक डोळा सुजून मिटलाय. दुसऱ्यानं ती सुनेच्या हाताकडं बघते, मग माणसांकडं.

"पाठी फिरवा."

"कुणी?"

"सगळ्यांनी. धाकल्या, तूबी." आणि स्वतःच आधी वळते.

वाडी जंगलाकडं तोंड करून उभी. बाया, गडी, म्हातारे. केशरच्या मानेवर एक हुमला अजून चढतोय. ती त्याला झटकत नाही.

मागं भाकरी मोडल्याचा आवाज.

मग काहीच नाही.

केशर लेकाचं मनगट घट्ट धरते.

मग चावणं. हळू. मग जोरात. मग पुन्हा भाकरी मोडली, या वेळी मोठी.

"आत्ती," भरल्या तोंडानं मागून आवाज येतो, "मीठ कमी पडलंय."